मिठाच्या मुलखातला फौजदार

पडद्यावर जे पांढरं दिसत होतं त्याला मीठ म्हणणारा पहिला माणूस मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला पकडल्याचा आव आणायला नको. सिनेमा इंग्रजी होता, जुना, काळापांढरा, एकूण बारा भागांचा, आणि दर रविवारी सकाळी दहाला त्याचा एकेक भाग दाखवत. कुठल्याशा लांबच्या सरहद्दीवरचे घोडेस्वार पोलीस, त्यांच्यातला एक तरणाबांड फौजदार, त्याचा कुत्रा, आणि चोरटा माल घेऊन डोंगरातून पळणारी माणसं, असा तो मामला. फौजदार हे नावही मीच दिलेलं. इंग्रजीत त्याला काय हाक मारतात ते मला कळत नव्हतं, आणि कळत नाही असं म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. आजही फारशी वळत नाही. माझी सून म्हणते, बाबा, तुम्ही चुकलात हे तुम्ही फक्त वहीत लिहिता. बरं, तर लिहितो.

मी तेव्हा अठरा वर्षांचा. दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून काकांनी मला सिंगापूरला आणवलं होतं. काका इथे बंदरातल्या टगवर सुकाणी. टग म्हणजे मोठ्या जहाजांना दोर लावून धक्क्यापर्यंत ओढणारी लहान पण दणकट बोट, आणि तिचं सुकाणू ज्याच्या हातात तो सुकाणी. त्याआधी काकांनी मोठ्या जहाजांवर पंधरा वर्षं काढली होती, थंड देशांची बंदरं पाहिली होती. आमच्या वस्तीत एवढा लांब जाऊन आलेला दुसरा माणूस नव्हता. वस्ती म्हणजे बंदराच्या वरच्या अंगाला कंपनीने दिलेल्या खोल्यांच्या दोन रांगा. त्यात दहा-बारा मराठी घरं, बाकी तमिळ आणि मलाय. ज्याची नोकरी त्याची खोली. नोकरी गेली की आठवड्याच्या आत खोली रिकामी करायची, हा नियम लहान पोरांनाही पाठ होता.

काकूला मूलबाळ नव्हतं, म्हणून तिच्या हातून माझ्या ताटात जरा जास्त पडायचं. सकाळी तांदळाची भाकरी थापल्याचा आवाज, थप थप थप, आणि त्यावर खालून टगचे भोंगे. आमसूल इथे मिळत नसे, मिळालं तरी वर्षाकाठी कोणाच्या पिशवीतून, तेव्हा काकू चिंचेच्या कोळात नारळाचं दूध घालून सोलकढीची तहान भागवायची आणि वर म्हणायची, "रंग बघू नका, डोळे मिटून प्या." जवळा-सुकट संपलं की बाजारातून बारीक सुके मासे आणायचे, इकान बिलिस म्हणतात त्यांना इथे, ते तव्यावर कांद्याबरोबर परतायचे. आता लिटिल इंडियात गेलं की आमसुलाची पाकिटं रांगेने लावलेली असतात, सुनेने डब्यात भरून ठेवलीत. पण चिंचेच्या त्या खोट्या कढीची चव मला अजून खऱ्यापेक्षा जवळची वाटते, काय करणार.

काकांचं एक कौतुक सगळी वस्ती करायची. ते ओट्यावर बसून नुसत्या भोंग्यावरून बोट ओळखत. खाली धुकं असो, ऊन असो, मान न वळवता सांगत, "ही आपली तीन नंबरची. ही जपानी." लोक खाली वाकून बघत आणि म्हणत, खरंच की! मीही म्हणायचो. माणसाने कान इतके का तयार केले असतील, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आता माझ्या इंग्रजीचं. मी चौथी पास. गावात एका मास्तरांनी पावसाळ्याचे दोन महिने एबीसीडी गिरवून घेतली, तेवढ्यावर माझ्या वडिलांनी काकांना पत्रात लिहिलं की दत्तू इंग्रजी शिकतो आहे. मी बोटीतून उतरलो तेव्हा धक्क्यावर काका चार माणसं घेऊन उभे. "हा माझा पुतण्या. इंग्रजी येतं त्याला." त्या क्षणी मी नाही म्हणायला हवं होतं. मी मान हलवली. कबूल करायला तो पहिला दिवसच काय तो सोपा असतो, नंतर रोज अवघड होत जातं.

बंदराजवळ लाकडी भिंतींचं, वर पत्रे घातलेलं एक सिनेमागृह होतं. मालक चिनी, त्याला सगळे तौके म्हणत, म्हणजे शेठ. रविवारी सकाळी तो जुने इंग्रजी भागवाले सिनेमे लावायचा. इंग्रजी कोणालाच येत नसे, म्हणून तिथली एक पद्धत होती: प्रत्येक भाषेच्या लोकांनी एका अंगाला बसायचं आणि त्यांच्यातल्या एकाने उभं राहून मोठ्याने गोष्ट सांगायची. डावीकडे तमिळ लोकांचा सांगणारा, मध्ये मलायांचा, आणि उजवीकडे आम्ही. तिन्ही सांगणारे एकदम सुरू झाले की पडद्यावरच्या बंदुका ऐकू येत नसत. आमच्या बाजूला आधी कोणी सांगणारा नव्हता, माणसं अंदाजाने हसायची. मी आलो आणि काकांनी मला खांद्याला धरून उभं केलं. "सांग रे दत्ता."

पहिला भाग सुरू झाला. पडदाभर पांढरंच पांढरं. जमीन पांढरी, डोंगर पांढरे, घोड्यांचे पाय पांढऱ्यात रुतलेले.

"काय ते?" मागून शेवंताबाईंनी विचारलं. त्यांचा नवरा काकांच्या टगवर तांडेल होता, म्हणजे खलाशांचा मुकादम.

हिम मी कधी पाहिलं नव्हतं. तिथे बसलेल्या कोणीच पाहिलं नव्हतं, एक काका सोडून. मला आमच्या खाडीपलीकडची मिठागरं आठवली आणि मी ठासून म्हणालो, "मीठ. हा मिठाचा मुलूख आहे. इथलं मीठ चोरून नेतात, ते पकडायला हे पोलीस."

काकूचं माहेर मिठागरवाल्यांचं. ती लगेच म्हणाली, "एवढं मीठ, आणि एकालाही तहान लागत नाही ती?"

"सवय असते काकू."

"आणि तोंडातून वाफा का येतात त्यांच्या?"

"विड्या ओढतात."

सगळे हसले, पण मीठ पक्कं झालं. मी हळूच काकांकडे पाहिलं. हिमातल्या बंदरांत राहून आलेला माणूस, एका शब्दाने मला आडवा करू शकला असता. काका पहिल्या रांगेत, हात मांडीवर ठेवून, पडद्याकडे तोंड करून शांत बसले होते. मला वाटलं, चारचौघांत माझा मान ठेवतायत. मनातल्या मनात मी त्यांच्या पाया पडलो.

परवा सुनेने तो सिनेमा कॉम्प्युटरवर शोधून काढला, बाराही भाग. पाया लेबार भागातल्या ऑफिसात बसून तिला हे असले उद्योग सुचतात. नातीने पहिली दोन मिनिटं पाहिली आणि इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, दॅट्स स्नो लाह." मी म्हटलं, ठाऊक आहे मला. साठ वर्षं झाली ठाऊक होऊन.

मी गोष्ट कशी सांगायचो ते सांगतो, कारण त्यात माझं खरोखरचं कसब होतं आणि ते मी कोणाला हिरावू देणार नाही. मी चेहरे वाचायचो. माणूस बोलताना डोळे कुठे नेतो, ऐकणारा केव्हा ओठ आवळतो, कोण कोणाच्या पाठीमागे दार लावतो, यावरून मी ताबडतोब संभाषण रचायचो आणि ते दहातल्या सात वेळा पुढे जुळायचं. प्रत्येक भागाच्या शेवटी फौजदार मरणाच्या दारात: होडी धबधब्यावरून खाली, झोपडीला आग, कड्यावरून घोड्यासकट कोसळला. आणि पुढच्या रविवारी तोच प्रसंग थोडा मागून दाखवायचे, त्यात त्याने आधीच बाजूला उडी मारलेली असायची! मागच्या रविवारी आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं की उडी मारली नव्हती. लोक चिडायचे, "दत्तू, हे रे काय?" मी म्हणायचो, "मागच्या वेळी तुम्ही घाबरून डोळे मिटलेत." तेही मान्य व्हायचं. त्या सिनेमात एक केसाळ टोपी घालणारा दाढीवाला होता, सारखा झाडाआडून फौजदारावर नजर ठेवणारा. त्याला मी पहिल्याच भागात मीठचोरांचा म्होरक्या करून टाकलं. चार रविवारांत आमची बाजू त्याच्या नावाने बोटं मोडायला लागली. शेवंताबाईंनी तर एकदा पडद्यावर चप्पल फेकली.

मग ते पत्र आलं.

त्याच्या महिनाभर आधी कंपनीने सगळ्या सुकाण्यांचे डोळे तपासले होते. काका जाऊन आले, पण काय झालं ते बोलले नाहीत. तेव्हापासून रोज संध्याकाळी कामावरून आले की आधी विचारायचे, "कागद आला?" जेवण कमी झालं होतं. काकू मला हळूच म्हणायची, "डोळ्यांचं काही निघालं तर खोली गेली रे. या वयात कुठे जायचं?" आणि एका संध्याकाळी तो लांबोडा लिफाफा घरात आला. काकांनी तो उघडला, हातात उलटापालटा केला आणि माझ्यापुढे धरला.

"वाच."

टाइप केलेल्या सात-आठ ओळी. वर काकांचं नाव ओळखू आलं, मध्ये कुठेतरी आकडे, खाली सही. बाकी सगळं मुंग्यांची रांग.  मी चेहरे वाचणारा माणूस, आणि कागदाला चेहरा नसतो. मी वर पाहिलं. चेहरे होते ते या दोघांचे. काकू भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून दारात उभी, तोंड अर्धवट उघडं. काका भिंतीकडे बघत होते, पण त्यांच्या मानेची शीर ताठली होती. त्या दोन चेहऱ्यांवर जे लिहिलं होतं ते मी वाचलं.

"तुमचे डोळे चांगले आहेत," मी म्हणालो. "काम चालू ठेवा म्हणतात."

"एवढंच?"

"बाकी साहेबी भाषा. सलाम वगैरे."

काका खाली बसले. पाय लांब केले आणि म्हणाले, "चहा ठेव गं." काकूने त्या कागदावर हळद-कुंकू वाहिलं आणि तो गणपतीच्या तसबिरीमागे खोचून ठेवला. त्या दिवशी तिने साखर घालून नारळाच्या वड्या केल्या. मी तीन खाल्ल्या. 

पुढच्या रविवारी सिनेमाचा अकरावा भाग. दुरुस्तीसाठी आलेल्या एका जहाजावरचे रेडिओ ऑफिसर लिमये, मूळचे पुण्याचे, मराठी आवाज ऐकून आत आले आणि आमच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसले. मला पत्ता नाही. मी रंगात आलो होतो. टोपीवाला फौजदाराच्या कानाशी काही बोलत होता आणि मी सांगत होतो, "म्हणतोय, मिठाची पोती कुठे लपवलीस ते बोल, नाहीतर कुत्र्याला मारतो." मागून कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. सुटल्यावर बाहेरच्या कॉफीच्या टपरीवर त्यांनी मला बोटाने बोलावलं.

"काय रे, इंग्रजी कुठे शिकलास?"

"गावी."

"छान. तो टोपीवाला काय म्हणत होता ठाऊक आहे? म्हणत होता, मी पोलिसांचाच माणूस आहे, वेषांतर करून चोरांत राहिलोय, माझ्यावर विश्वास ठेव. आणि मीठ कसलं, बर्फ आहे तो! पोत्यांत कातडी आहेत, जनावरांची."

"तुमच्या ऐकण्यात चूक झाली असेल," मी म्हणालो. खरंच म्हणालो.

लिमयांनी कॉफी खाली ठेवली. "अरे, करमणूक करतोयस, कर. माझी ना नाही. पण तुझे काका आत्ता मला सांगत होते, घरचे कागदपत्रसुद्धा हाच वाचतो. ते मात्र करू नकोस. एखाद्याचा गळा कापशील."

मी कॉफी तशीच टाकून निघालो.

तो आठवडा मला दिवसागणिक आठवतो. सोमवारी वाटलं, पत्रात बरंच असेल. मंगळवारी वाटलं, लिमयांना काय करायचंय. गुरुवारी दुपारी तांडेल आमच्या दारात येऊन काकूसमोर मोठ्याने बोलला, जे तो कधी करत नसे. टग धक्क्याकडे येताना डाव्या अंगाने एक सांपान आली होती, म्हाताऱ्या चिनी कोळ्याची चपटी होडी, आणि काकांनी ती पाहिलीच नाही. तांडेल ओरडला म्हणून हातभर अंतराने वाचली. "म्हातारा पाण्यात पडला होता वहिनी. बाहेर काढला, जिवंत आहे. पण सुकाणीदादांना झालंय काय?"

काका मोरीवर पाय धूत होते. तिथूनच म्हणाले, "ऊन डोळ्यांवर होतं. डोळे पक्के आहेत माझे, कंपनीचा कागद आहे घरात. सोमवारी पहाटे भरलेली बार्ज ओढून न्यायची आहे बाहेर मोठी जहाजं नांगर टाकतात तिथपर्यंत, साहेबाने विचारलं कोण जातो. मीच हो म्हटलंय."

कागद आहे घरात. माझा कागद. भरलेली बार्ज म्हणजे दोराच्या टोकाला एक आख्खं गोदाम. तिच्या वाटेत त्या दिवशी पन्नास सांपानी असणार. फौजदाराला पुढच्या रविवारी मागे जाऊन उडी मारता यायची. त्या म्हाताऱ्या कोळ्याला तशी सोय नव्हती. मी दोन रात्री नीट झोपलो नाही. तरी, खरं सांगतो, कोळ्यापेक्षा मला भीती होती ती वेगळीच: की सगळ्यांना कळेल, दत्तूला इंग्रजी येत नाही.

रविवारी सकाळी काकू अंघोळीला गेल्यावर मी तसबिरीमागचा कागद काढला. कुंकू लागून त्याची घडी लाल झाली होती. सिनेमागृहाच्या दाराशी लिमये उभे होते, शेवटचा भाग पाहायला आलेले. मी काही न बोलता कागद पुढे केला. त्यांनी वाचला, आणि माझ्या अंगावर ओरडतील असं वाटलं होतं, ते ओरडले नाहीत. उलट आवाज खाली आणला.

"दोन्ही डोळ्यांत दोष आढळला आहे, डाव्यात जास्त. उद्या सोमवारी सकाळी आठ वाजता कंपनीच्या डॉक्टरकडे पुन्हा तपासणी. तोवर सुकाणू धरायचं नाही. तपासणीला आले नाहीत तर नाव कमी होईल, खोली सोडावी लागेल." डॉक्टरच्या ऑफिसातली ही गोष्ट धक्क्यावरच्या साहेबापर्यंत पोचलीच नव्हती. मग लिमये म्हणाले, "त्यांना सांगितलंस काय?"

"डोळे चांगले आहेत म्हणून."

"मी सांगू का?"

"नको," मी म्हणालो. "मी सांगेन." तेवढ्यात आत घंटा झाली.

आत अंधार. काका पहिल्या रांगेत. पायाशी कामाची पिशवी, कारण तिथून परस्पर धक्क्यावर जाऊन ते टगवरच मुक्काम करणार होते, पहाटे निघायचं म्हणून. म्हणजे जे सांगायचं ते या वीस मिनिटांत. मी उभा राहिलो. डावीकडे तमिळ सुरू झाला, मध्ये मलाय. माझ्या तोंडून शब्द येत होते, पण माझेच मला ऐकू येत नव्हते. पडद्यावर गोळीबार झाला, चोर पकडले गेले, आणि मग तो टोपीवाला झाडीतून बाहेर आला, टोपी काढली, आतला पोलिसी बिल्ला दाखवला, आणि फौजदाराने त्याला कडकडून मिठी मारली.

 मग शेवंताबाई म्हणाल्या, "अहो, शत्रूला मिठी?"

"दत्तू, काय चाललंय?"

"सांग ना रे!"

मी सांगू शकलो असतो. अजूनही सांगतो, अर्ध्या मिनिटात मी त्या मिठीचं काहीतरी केलं असतं. फौजदार मिठीत घेऊन खंजीर खुपसतोय म्हटलं असतं तरी पटलं असतं त्यांना. काका मान वर करून माझ्या आवाजाची वाट बघत होते.

"मला इंग्रजी येत नाही," मी म्हणालो. इतका वेळ सांगायचो त्याच आवाजात. "तो टोपीवाला पहिल्यापासून चांगला होता. मी खोटं सांगितलं. हे मीठ नाही, बर्फ आहे. आणि काका, ते पत्रही मी खोटं वाचलं. डोळे अधू आहेत म्हणतात, डावा जास्त. उद्या आठला डॉक्टरकडे बोलावलंय. गेला नाहीत तर नाव काढतील. सुकाणू धरू नका."

मग जो गोंधळ झाला तो झाला. कोणी शिव्या दिल्या, कोणी हसलं, तांडेल दोन बाकं ओलांडून माझ्या गळपट्टीपर्यंत आला. त्या सगळ्यात काकूचा आवाज मला वेगळा ऐकू आला. ती स्वतःशीच म्हणत होती, "म्हणजे मीठ नव्हतंच? मी विचारलं होतं. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं."

"बसा सगळे," काका म्हणाले. ते मोठ्याने बोलत नसत, म्हणून सगळे बसले. मला वाटलं आता उठून थोबाडीत देतील. ते तसेच पडद्याकडे तोंड करून म्हणाले, "दत्ता, संपलं का ते?"

"नाही. थोडं आहे."

"मग सांग."

"काका, मला येत नाही."

"ऐकलं ते. जे दिसतंय तेवढंच सांग. मला तिथे नुसता उजेड दिसतो रे. पहिल्या दिवसापासून."

तेव्हा माझ्या डोक्यात लखलखाट झाला. बर्फ पाहिलेला माणूस मिठावर गप्प का बसला होता, ते. त्यांनी माझा मान ठेवला नव्हता. माझ्या तोंडून येईल तेवढाच सिनेमा त्यांना होता. मी मीठ म्हणालो, त्यांनी मीठ पाहिलं.

मी उभा राहिलो आणि सांगितलं. "दोघं घोड्यावर बसले. कुत्रा पुढे पळतोय. मागे डोंगर. फौजदाराने हात वर केला. आता लांब गेले. आता दिसत नाहीत."  दिवे लागले तेव्हा काकांनी पायाशी चाचपून पिशवी उचलली आणि तांडेलाला म्हणाले, "उद्या बार्जवर दुसरा माणूस घे." घरी जाताना ते माझ्यापुढे चालत होते. काकूने ताट वाढलं, पाणी ठेवलं, पण भाकरीवर तूप घातलं नाही. तिचा राग तेवढाच असायचा, आणि तो पुरेसा असायचा.

सोमवारी आठला डॉक्टरकडे. गोरा माणूस, घाईतला. खलाशांना अक्षरं येत नाहीत म्हणून भिंतीवर अक्षरांऐवजी फणीसारखी चिन्हं होती, वरच्या ओळीत मोठी, खाली बारीक होत गेलेली. कुठे फणीचे दात वर, कुठे खाली, कुठे डावीकडे. डॉक्टर छडी ठेवायचा आणि समोरच्याने दात कुठल्या बाजूला ते हाताने दाखवायचं. त्याने काकांचा उजवा डोळा झाकला आणि माझ्याकडे वळून खुणेने सांगितलं, विचार त्याला. सोबत आलेला पोरगा म्हणजे दुभाष्या, हे तिथेही ठरलेलंच होतं.

छडी दुसऱ्या ओळीवर. दात खाली होते. मला दारातून स्पष्ट दिसत होते.

काकांचा हात वर आला आणि तसाच राहिला. मग त्यांनी मान किंचित माझ्याकडे फिरवली, सिनेमात फिरवायचे तशी. डॉक्टरला मराठी कळत नव्हतं. मी "खाली" म्हणालो असतो तर त्याला वाटलं असतं, प्रश्न सांगतोय. पुढे "वर", "डावीकडे", सगळी ओळ झाली असती. खोली राहिली असती, काकूच्या भाकरीवर तूप आलं असतं, आणि मंगळवारी काका पुन्हा सुकाणूवर उभे राहिले असते. डॉक्टरने छडी आपटली. खाली बंदरात एक भोंगा वाजला. तो आमच्या तीन नंबरचा, हे मलाही ओळखू आलं.

मी तोंड मिटून उभा राहिलो.

काकांनी हात खाली घेतला. "नाही दिसत," ते म्हणाले. मला म्हणाले की डॉक्टरला, कोण जाणे. मग मीच डॉक्टरला माझ्याजवळचे होते नव्हते ते दोन इंग्रजी शब्द सांगितले, "नो सी", आणि ते बरोबर होते.

ते वेळेवर हजर राहिले म्हणून नाव कमी झालं नाही. त्यांना दोरखंडांच्या कोठारात बसवलं, खोली राहिली. सुकाणीदादा म्हणणं लोकांनी सोडलं नाही, पण काकांनी त्या हाकेला ओ देणं सोडलं. पुढे त्याच कोठारात मी लागलो आणि दोरांच्या भेंडोळ्यांवरच्या पाट्या वाचत वाचत इंग्रजी शिकलो, खरं. कोणी उपकार केले नाहीत माझ्यावर.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी डॉक्टरच्या दारातून बाहेर पडलो तर समोर कडक ऊन. काका पायरीवर थांबले. आजवर ते माझ्यापुढे चालत आले होते, मी मागून. त्यांनी हात पुढे करून माझा खांदा शोधला आणि घट्ट धरला.

"सांग," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"दिसतंय ते."

"तीन पायऱ्या आहेत," मी म्हणालो. "मग रस्ता. उजवीकडून लॉरी येतेय. थांबा, काका. आता चला."